सत्तावन्नाच्या घरातला साप

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तीन दिवस वाद पेटला होता. एका शाळेने पहिली-दुसरीच्या पालकांना यादी पाठवली होती: मुलांच्या भाषाविकासासाठी घरी आणावेत असे बोर्डगेम. यादीत बारा नावं, बाराही इंग्रजी खेळांची, आणि त्यांतला सगळ्यात स्वस्त डबा साडेआठशे रुपयांचा. लगेच तीन तट पडले. एक म्हणे, मोबाईलपेक्षा काहीही बरं, घेऊन टाका. दुसरा म्हणे, सोंगट्या हलवून कुणाची भाषा सुधारली आहे? त्यापेक्षा रोज दोन पानं वाचून घ्या. तिसऱ्याला हे खेळ हवे होते, पण इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा म्हणून. मराठी काय, घरात आहेच. तीन दिवस निरोपांवर निरोप आले. खेळताना मूल बोलतं किती, कुणाशी बोलतं आणि कुठल्या भाषेत बोलतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगते. पट भाषा शिकवत नाही. पटाभोवती बसलं की बोलल्यावाचून गत्यंतर नसतं, आणि ते बोलणं भाषा शिकवतं. त्यामुळे डबा कुठला आणायचा हा प्रश्नच दुय्यम आहे. पटाभोवती कोण बसणार, मुलाला तिथे बोलायची गरज किती पडणार आणि ती गरज कुठल्या भाषेत भागवली जाणार, हे आधी ठरायला हवं. मराठी घरात ते मराठीत व्हावं, आणि त्यासाठी सापशिडीचा कागदी पट किंवा फरशीवर खडूने आखलेली घरं पुरतात, असं मी ठामपणे म्हणते. शाळेच्या त्या यादीतल्या काही खेळांपेक्षा ती उजवीच ठरतील. का, ते पुढे येईलच.

पडदा वाईट आणि पुठ्ठा चांगला, ही पहिल्या तटाची विभागणी आधी तपासू. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्यासाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे, आणि त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पडदा नाही म्हणजे भाषा आली, हे कुठून आलं? २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी मोबाईलवर लुडो खेळला गेला. चौघं एका सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसायची आणि शब्दही न काढता डाव पुरा व्हायचा. फासा यंत्र टाकतं, घरं यंत्र मोजतं, कुणाची सोंगटी मेली ते यंत्र ठरवतं, पाळी कुणाची तेही यंत्रच दाखवतं. पट तोच, रंग तेच, नियम तेच, फक्त बोलायची गरज उरली नाही. एकाच खेळाच्या या दोन रूपांतला फरक नीट पाहिला तर खेळात भाषा नेमकी कुठे असते ते कळतं. ती असते मोजण्यात, हरकत घेण्यात, निवाडा करण्यात आणि तो निवाडा अमान्य करण्यात. ही कामं मुलाच्या हातून काढून घेतली की पुठ्ठ्याचा खेळही तितकाच मुका होतो. बाबा एका हाताने फोन चाळत दुसऱ्या हाताने सोंगटी सरकवतात, मूल गप्पपणे फासा पुढे करतं. असे डाव मी पाहिले आहेत.

आता बोलका डाव कसा असतो ते सांगते. माझी भाची सहा वर्षांची आहे, ठाण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. घरी सगळे मराठी बोलतात. पण तिच्याशी बोललं जातं ते ‘जेव’, ‘ये’, ‘आवर’, ‘झोप’ एवढंच, आणि तिची उत्तरं ‘हो’, ‘नको’, ‘थांब ना’. घरात मराठी आहेच असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस फक्त मोजून पाहावं, की मुलाने दिवसभरात पाच शब्दांहून लांब अशी मराठी वाक्यं किती उच्चारली. पहिल्या दिवशी सापशिडीला बसलो तेव्हा ती म्हणाली, “आत्या, माझा सोंगटी कुठे गेला?” मी सुधारलं नाही, नुसतं म्हटलं, “तुझी सोंगटी? ही बघ, शिडीखाली लपली.” मराठीतली तिन्ही लिंगं या एवढ्याशा पटावर हजर असतात: फासा पडला, सोंगटी मेली, दान पडलं. माझा फासा, माझी सोंगटी, माझं घर. इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुलाला वस्तूंना लिंग का असावं तेच उमगत नाही, आणि ते समजावून सांगायची सोय कुठल्याही भाषेत नाही. ते कानावर पडून आणि तोंडून निघूनच बसतं. अर्ध्या तासाच्या डावात हे तीन शब्द किती वेळा येतात? आपण मोजत बसत नाही, मूलही नाही, आणि म्हणूनच ते बसतं. तीच गोष्ट सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे रूप होतं त्याची. घर, पण घरात. साप, पण सापाच्या तोंडात. शिडी, पण शिड्यांवरून. परदेशात वाढणाऱ्या आमच्या नात्यातल्या मुलांची जीभ नेमकी इथे अडखळताना मी ऐकली आहे: ‘सापच्या तोंडात’. पटावर हे ‘सापाच्या तोंडात’ दर चार पावलांवर येतं, आणि दर वेळी त्यात मुलाचा जीव अडकलेला असतो.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जर-तर. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलायचे प्रसंग कितीसे येतात? फासा मात्र प्रत्येक टाकीला असा प्रसंग पुढे करतो. सहा पडले तर सुटले. तू ही हलवलीस तर मी ती मारीन. आणि साप गिळून गेल्यावर: पाच पडले असते तर वाचले असते. व्याकरण याला संकेतार्थ म्हणतं. पहिले दोन महिने माझी भाची म्हणायची, “पाच आला तर वाचला.” वाक्य तोडकंमोडकं होतं, पण त्यामागचा विचार पूर्ण होता. भाषेला विचारापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तो वेळ हवाहवासा वाटेल असं काही तरी समोर असावं लागतं.

दुसऱ्या तटाचा आक्षेप जास्त भक्कम आहे: याला पुरावा काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर बोर्डगेमवरचे जे सर्वांत नेटके प्रयोग आहेत ते भाषेचे नाहीत, अंकांचे आहेत. अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० अशी घरं ओळीत असलेला साधा पट दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका. मुलांची संख्यांची समज लक्षणीय वाढली. तसाच पट, पण अंकांऐवजी रंग असलेला, ज्यांनी खेळला त्यांची वाढली नाही. यातून ‘बोर्डगेमने भाषा सुधारते’ असं विधान कुणी काढत असेल तर ते चूक आहे, आणि डब्यांवर तसं छापणारे पालकांची फसवणूक करतात.

पण याच प्रयोगांची पुढची पायरी पाहा. एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी २०१४ मध्ये शंभर घरांचा पट घेऊन मुलांचे दोन गट केले. समजा सोंगटी सदतीसवर आहे आणि दोन पडले. एका गटातल्या मुलांनी ‘एक, दोन’ असं मोजत सरकायचं. दुसऱ्या गटातल्यांनी घरातला आकडा मोठ्याने म्हणत सरकायचं: अडतीस, एकोणचाळीस. पट एकच, फासा एकच, वेळही तेवढाच. फायदा झाला तो दुसऱ्या गटाला. मूल तोंडाने काय म्हणतं यावर सगळं ठरलं! माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे, आणि तो ‘खेळ उपयोगी की निरुपयोगी’ असं विचारणाऱ्या दोन्ही पक्षांच्या हातून निसटतो. खेळ म्हणजे औषधाची गोळी नव्हे, की दिली आणि गुण आला. खेळता खेळता काय बोललं जातं, ते मोजायला हवं.

आणि इथे मराठी घरांसाठी एक खास मुद्दा आहे. ‘अडतीस, एकोणचाळीस’ हे आज किती मुलांना म्हणता येतं? इंग्रजी शाळेतल्या मराठी मुलाला भाजीवाल्याने ‘पंचाहत्तर झाले’ म्हटलं तर ते आईकडे पाहतं. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा उठलेलं वादळ आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं असं, की ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी आणि पन्नास नंतर येतात, लिहिताना मात्र पाच आधी. जोडाक्षरांनी भरलेल्या या शब्दांवर लहान मुलं अडतात. विरोधकांचं म्हणणं असं, की यामुळे भाषेची वाट लागेल. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की दोन्हीकडे खरेपणा होता आणि वाद मात्र वाईट झाला. कारण मुलाला वर्गाबाहेर ‘त्रेपन्न’ ऐकायला कुठे मिळतं, हा प्रश्न कुणी घेतलाच नाही. ज्या घरात सापशिडी मराठीत खेळली जाते तिथे मूल त्रेपन्नाच्या घरावर उभं राहतं, ५३ हा आकडा डोळ्यांनी पाहतं, तोंडाने ‘त्रेपन्न’ म्हणतं आणि पुढच्या संकटाचं नाव ‘सत्तावन्न’ आहे हे भीतीने लक्षात ठेवतं. एकोणचाळीसच्या शेजारीच चाळीस असतं. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणं, हे तिथे दिसतं. पाठ्यपुस्तकावर भांडायला आपण महिनाभर वेळ काढला. पटावर बसायला का काढू नये?

खेळातून भाषा निघून जाण्याची गोष्ट नवी नाही, हे सापशिडीच्याच इतिहासात लिहिलेलं आहे. सापशिडीचं आपल्याकडचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट; परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. उत्तरेत त्याच जातीच्या खेळाला ज्ञान चौपड म्हणत. त्या पटांवर कुठे ७२, कुठे ८४ घरं असत आणि घराघरात शब्द असे: काम, क्रोध, मत्सर, दया, भक्ती, वैकुंठ. सोंगटी ज्या घरात गेली ते नाव वाचायचं, साप असेल तर तो कशामुळे चावला हे समजून घ्यायचं. खेळणारा फाशाच्या निमित्ताने शब्दांमधून प्रवास करत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. सुरुवातीला तिथेही घरांत सद्गुण-दुर्गुण होते, मग नुसती चित्रं राहिली, शेवटी आकडे. तो आकड्यांचा पट आपल्याकडे परत आला आणि आपण त्यालाच सापशिडी म्हणायला लागलो. पचिसीचंही तसंच, १८९६ मध्ये इंग्लंडात तिच्या सोप्या रूपाचं ‘लुडो’ या नावाने पेटंट घेतलं गेलं, आणि कवड्यांच्या दानांना असलेली नावं मागे पडली. आपल्या बोलण्यात मात्र तो जुना पट अजून मांडलेला आहे. डाव साधतो आणि उलटतो, मनासारखं दान पडतं, शह-काटशह चालतात, फुटकी कवडीही कुणी देत नाही. हे वाक्प्रचार कुणी शब्दकोश वाचून शिकलं नाही. वेरूळच्या शैव लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळतानाचं शिल्प आहे. त्यांचे हात पाहा: एकाला आणखी एक डाव हवा आहे, दुसऱ्याला तो मान्य नाही, आणि खाली नंदीभोवती गणांची धांदल उडाली आहे. खेळ म्हणजे वादावादी, हे दगड घडवणाऱ्याला ठाऊक होतं.

मग शाळेच्या यादीतल्या खेळांना माझा आक्षेप काय? त्यांतले तीन-चार मी पाहिले. पत्ता उचलायचा, त्यावर लिहिलेलं असतं: तीन फळांची नावं सांगा. ‘उंच’चा विरुद्धार्थी शब्द सांगा. बरोबर आलं तर दोन घरं पुढे. ही तोंडी परीक्षा आहे, तिला फक्त रंग दिला आहे. मुलांना हे क्षणात कळतं, कारण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याशी कोण मनापासून बोलेल? खऱ्या डावातला प्रश्न वेगळा असतो: “कुठली सोंगटी हलवू? ही नेली तर तू मारशील, ती नेली तर दादा.” याचं उत्तर त्या खोलीत कुणालाच माहीत नसतं, आणि म्हणून त्यावर एक शब्दाचं नाही तर चार वाक्यांचं बोलणं होतं, त्यात कारणं येतात, धमक्या येतात, तह होतात. दुसरी गोष्ट नियमांची. डब्यातल्या खेळाचे नियम छापील असतात. भांडण झालं की कागद काढायचा आणि विषय संपला. चार कवड्या घेऊन पंचवीस घरांवर जो खेळ खेळतात, ज्याला कुणी चल्लस-आठ म्हणतं आणि कुणी अष्टचंग, त्याचे नियम कागदावर नसतात, घरागणिक वेगळे असतात. कुणाकडे एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही, कुणाकडे येतं. चार किंवा आठ पडले तर पुन्हा टाकायचं, पण लागोपाठ तीनदा पडले तर काय? डाव सुरू व्हायच्या आधी हे सगळं बोलून ठरवावं लागतं. “आमच्याकडे असं खेळतात” या वाक्याने सुरू होणारी ती बोलणी म्हणजे मुलासाठी युक्तिवादाची पहिली तालीम असते: नियम सांगायचा, त्याचं कारण द्यायचं, दुसऱ्याचा ऐकायचा, मध्यममार्ग काढायचा. सात वर्षांच्या मुलाकडून हे काम कुठला निबंध करून घेईल?

पुस्तकांचं मात्र मला मान्य करावं लागेल. गोष्टीच्या पुस्तकात असे शब्द येतात जे आपण रोजच्या बोलण्यात कधी वापरत नाही: घनदाट, तलाव, हुरूप, आर्जव. पटाभोवती तेच तेच शंभरेक शब्द फिरत राहतात. शब्दसंपत्ती वाढवायची असेल तर मोठ्याने वाचून दाखवण्याला पर्याय नाही, आणि दिवसातला एकच अर्धा तास हातात असेल व मूल चार वर्षांचं असेल तर मी स्वतः पुस्तक उचलीन. पण पुस्तकाशी बोलणं एकतर्फी असतं. वाचून दाखवताना बोलणारे आपण असतो, मूल ऐकतं. २०१८ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि मग गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. मुलाच्या कानावर एकूण शब्द किती पडले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली, याचा मेंदूच्या भाषेशी संबंधित भागातल्या हालचालींशी अधिक जवळचा संबंध दिसला. ३६ मुलं म्हणजे जग नव्हे, हे कबूल. तरी अनुभवाशी ते जुळतं. पुस्तक मुलाला शब्द देतं, तर पट ते शब्द वापरायची पाळी देतो. ‘पाळी’ हा शब्द इथे अक्षरशः घ्या.

सगळ्यात अवघड आक्षेप वेळेचा आणि ऐपतीचा आहे. कर्जतहून मुंबईला जाऊन-येऊन दिवसाचे चार तास लोकलमध्ये घालवणाऱ्या आईला ‘मुलाशी खेळा’ असं सांगणं क्रूर आहे, आणि भाषाविकासाच्या चर्चेने असा क्रूरपणा पूर्वी केलेला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली यांनी गरीब मुलांच्या कानावर श्रीमंत मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात असा हिशेब मांडला. तो जगभर फिरला. अभ्यास होता एकूण ४२ कुटुंबांचा, आणि त्यांतली सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं सहा. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी घरात इतर माणसं एकमेकांत बोलतात तेही मोजलं तेव्हा दरी तशी उरली नाही. आपल्या चाळी, वाडे, वस्त्या माहीत असणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही; तिथे मुलाच्या कानावर दिवसभर भाषा कोसळत असते. म्हणून गरीब आईबापांकडे बोट दाखवणाऱ्या कुठल्याही सल्ल्याला माझा विरोध आहे. उलट अबोला मला दिसतो तो आमच्यासारख्या, प्रत्येकाची खोली वेगळी असलेल्या घरांत. आणि ऐपतीचं म्हणाल तर ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला वारली मुलांसाठी जे बालशिक्षण उभं केलं त्यात महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पानं आली. अंगणात जे पडलं आहे त्याने शिकवायचं, हा त्यांचा आग्रह होता. चल्लसला चार चिंचोके घासून अर्धे केले की फासे तयार होतात: एक बाजू पांढरी, एक काळी. साडेआठशे रुपयांची यादी पाठवणाऱ्या शाळेपेक्षा कोसबाडचं अंगण आजही पुढे आहे.

तिसऱ्या तटाला एवढंच सांगते. इंग्रजी यायला हवं, त्यासाठी इंग्रजी खेळ खेळायलाही माझी ना नाही. पण दुसऱ्या भाषेतले खेळ तसेच उचलून आणता येत नाहीत. शब्दांचा तो प्रसिद्ध शंभर सोंगट्यांचा खेळ, स्क्रॅबल, घ्या. अल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून इंग्रजीसाठी बेतलेला तो हिशेब आहे. देवनागरीत ‘स्त्री’ ही सोंगटी एक की तीन? मात्रा वेगळ्या ठेवायच्या की अक्षराला जोडलेल्या? आपल्या लिपीला साजेसा खेळ आपल्याकडे आधीपासून आहे, आणि त्याला पटही लागत नाही: नाव, गाव, फळ, फूल. अक्षर काढताना ‘ळ’ आला आणि ‘ळ’ने सुरू होणारा एकही शब्द आठवेना, तेव्हा माझ्या भाचीने अख्खं घर कामाला लावलं होतं. मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, हा शोध तिचा स्वतःचा आहे.

आता एक भीती, जी मला माझ्याच बाजूच्या लोकांबद्दल वाटते. हे सगळं वाचून एखादे पालक पट मांडतील आणि प्रत्येक वाक्याला मुलाला थांबवून सांगतील, ‘सोंगटी गेला नाही, गेली’. तसं करायचं असेल तर कृपा करून खेळूच नका. चूक दुरुस्त करायची रीत एकच: बरोबर रूप आपल्या पुढच्या वाक्यात सहज आणायचं आणि डाव पुढे न्यायचा. आपल्या जुन्या खेळांना हे शहाणपण होतं. सगळ्यात लहान भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घ्यायचे. त्याची पाळी असायची, त्याचा फासा असायचा, पण त्याची चूक धरली जायची नाही. चार वर्षांचं मूल या सवलतीत मोठ्यांची भाषा ऐकत, अर्धीमुर्धी वापरत, बिनधोक चुकत राहायचं. चिडलं तर ‘रडीचा डाव खडी’ ऐकायचं, आणि ते ऐकून घेण्यातही भाषा होतीच. कच्च्या लिंबाची ही सोय कुठल्याही छापील नियमावलीत मी पाहिलेली नाही. अर्थात, तीन-चार वर्षांचं मूल बोलतच नसेल किंवा बोललेलं त्याला कळत नसेल तर खेळावर विसंबून थांबू नये. कानांची तपासणी आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांचं काम पट करू शकत नाही.

वेळेच्या प्रश्नावर आमच्या घरी एक उपाय योगायोगाने सापडला. माझी आई साताऱ्याला असते. दर रविवारी भाची तिला साधा फोन लावते, चित्रफोन नाही. आईच्या फोनमध्ये ती सोय नाही. पट ठाण्यात, आजी साताऱ्यात. आजीचा फासाही नातच टाकते. आजीला काहीच दिसत नाही, त्यामुळे सोंगटी कुठे आहे, पुढे काय आहे, साप किती घरांवर आहे, सगळं शब्दांत सांगावं लागतं. खुणा चालत नाहीत, ‘हे’ आणि ‘ते’ चालत नाही. भाषेवर एवढा भार मी दुसऱ्या कुठल्या खेळात पडलेला पाहिला नाही, आणि तिच्या आईबापांना या काळात स्वयंपाकघरातून हलावंही लागत नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये नातवंडं असलेल्या कितीतरी आजी-आजोबांना फोनवर ‘जेवलास का?’च्या पुढे काय विचारावं ते सुचत नसतं. त्यांच्या हातात हा डाव द्यायला हवा.

मागच्या रविवारी मी शेजारच्या खोलीत होते. आजीने विचारलं, “माझी सोंगटी कुठाय गं?”

“त्रेपन्नवर.”

“आणि पुढं?”

“चार पडले तर साप आहे. सत्तावन्नवर. त्याची शेपटी पार खाली, एकोणीसवर आहे.”

फासा खुळखुळला. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

“किती पडले?” आजीने विचारलं.

“चार,” ती म्हणाली. “खरंच चार, आजी. पाच पडले असते तर वाचली असतीस.”